जीग किती फास्ट वाजवायची? आधी आपल्या हातात कोणती जीग आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पियानो शिकणाऱ्या एकांनी बाखच्या फ्रेंच सूट नंबर ५ (सूट म्हणजे नाचांच्या तुकड्यांची मालिका) मधली शेवटची जीग बसवायला घेतलीये. सर सारखं सांगतात की हा डान्स आहे, नाचल्यासारखं वाजव, पण नाचल्यासारखं म्हणजे हाताने नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही. रेकॉर्डिंग ऐकावीत तर प्रत्येकाचा स्पीड वेगळा. मग विचारलंय की जीग म्हणजे ती आयरिश जिगच ना, तसंच वाजवू का, मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) किती ठेवू, आणि रिपीट घ्यायचे की नाही.

मी व्हायोलिन शिकवते, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) वाजवते आणि बरोक, म्हणजे बाखच्या काळातल्या, डान्सच्या स्टेप्सही शिकलेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे विद्यार्थ्यांकडून वेगवेगळ्या रूपात येतच असतो. मला वाटतं खरी अडचण स्पीडची नाहीये. एक तर जीग या एकाच नावाखाली दोन-तीन बऱ्यापैकी वेगळ्या गोष्टी चालतात आणि आपल्यासमोर त्यातली कोणती आहे हे बघितल्याशिवाय आकडा सांगण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे, जीग जिवंत वाटते ती वजन कुठे पडतं आणि कुठे उचललं जातं यामुळे. ते जमलं की जरा हळू वाजवली तरी ती उडते, आणि ते नसेल तर कितीही पळवा, शिवणयंत्र चालू आहे असंच ऐकू येतं.

आधी आयरिशचं बघू, कारण तिथून इतिहास आपोआप उलगडतो. हो, मूळ ब्रिटिश बेटांवरचंच आहे. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जिग हा उड्या मारत, पायांची झपाझप हालचाल करत करायचा लोकनाच होता. लंडनच्या थिएटरात तर जिग म्हणजे नाटक संपल्यावर विनोदी नट जो गाण्या-नाचण्याचा, बऱ्यापैकी चावट असा छोटा खेळ करायचे तो. शेक्सपिअरच्या कंपनीतला विल केम्प त्यासाठी प्रसिद्ध होता, हाच तो माणूस जो १६०० साली लंडनपासून नॉरिचपर्यंत नाचत गेला. या जिग बघायला इतकी गर्दी आणि इतका दंगा व्हायला लागला की १६१२ मध्ये मिडलसेक्सच्या न्यायाधीशांनी नाटकानंतरच्या जिग बंद करा असा हुकूमच काढला. म्हणजे बाखच्या सूटमध्ये शेवटी इतक्या रुबाबात येऊन बसलेला हा प्रकार मुळात रस्त्यावरचा आणि पिटातल्या प्रेक्षकांचा आहे, हे मला फार आवडतं आणि वाजवताना ते डोक्यात ठेवावं असं मी सगळ्यांना सांगते. त्याच काळात बर्ड, जॉन बुल, फार्नबी या इंग्लिश संगीतकारांनी व्हर्जिनलवर (हार्पसिकॉर्डचं छोटं भावंड) छोट्या छोट्या जिग लिहिल्या, त्या फिट्झविल्यम व्हर्जिनल बुकमध्ये आहेत. साध्या, चटपटीत, पटकन संपणाऱ्या. जमल्यास एखादी वाजवून बघा, बाखकडे जायच्या आधी हात मोकळा होतो.

आता आज आपण जी आयरिश जिग ऐकतो, डबल जिग वगैरे, ती सिक्स-एटमध्ये (एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, सहा क्वेव्हर) सलग क्वेव्हरची (छोटे सारखे सूर), आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. ती अजून खरोखर नाचली जाते. बाखच्या जीगचं आणि तिचं मूळ जवळचं आहे पण बाखची जीग तिच्यापासून निघालेली नाही, मधे फ्रान्स आणि इटली असे दोन मोठे टप्पे आहेत. म्हणून आयरिश जिग जरूर ऐका, पायाला ताल पकडू दे, पण तिची स्टाइल उचलून बाखवर चिकटवू नका. तिथे प्रत्येक क्वेव्हर नाचणाऱ्याच्या पायासाठी असतो, इथे तीन स्वतंत्र आवाज (वेगवेगळ्या चालणाऱ्या सुरावटी) एकमेकांशी बोलत असतात.

फ्रान्समध्ये ही गोष्ट सतराव्या शतकात गेली, आणि त्यात ल्यूट (तारा छेडायचं वाद्य) वाजवणाऱ्यांचा मोठा हात होता. झाक गोतिए नावाचा फ्रेंच ल्यूटवादक इंग्लंडच्या दरबारात बराच काळ होता आणि त्याच्यासारख्यांमुळे जिगची चव पॅरिसच्या वादकांपर्यंत पोचली असं मानलं जातं. फ्रेंचांनी मात्र तिला आपल्या पद्धतीने बदललं. ल्यूटवर सूर एकदम न वाजवता सुटे सुटे, एकामागून एक सोडायची त्यांची पद्धत होती, तिच्यात जिग शिरली आणि तिथे ती अडखळत उडी मारल्यासारखी, डॉटेड लयीची झाली, लांब-छोटा-लांब, लांब-छोटा-लांब. वाक्यं चार-चार बारची सरळ न राहता कुठे पाच, कुठे सात अशी लांबायला लागली, एक आवाज सुरू झाला की दुसरा त्याची नक्कल करत मागून येणार हेही आलं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही फ्रेंच जीग दोनाच्या मात्रेत लिहिलेल्या सापडतात, आणि एकच पीस एका वहीत आलमांद (दुसराच एक नाच) म्हणून तर दुसऱ्या वहीत जीग म्हणून उतरवलेला असतो. शाम्बोनिएर या फ्रेंच हार्पसिकॉर्डवादकाने हेच सगळं हार्पसिकॉर्डवर आणलं. आणि दरबारात, ऑपेरात ती नाचली पण जायची, फ्रेंच दरबारी संगीतकार ल्युलीच्या ऑपेरांमध्ये जीग आहेत, आणि १७०० मध्ये फ्योये यांनी नाच कागदावर लिहायची पद्धत छापली त्यामुळे त्या काळच्या जीगच्या काही कोरिओग्राफी आजही वाचून नाचता येतात.

इटलीत मात्र वेगळंच झालं. तिथे व्हायोलिनचं राज्य होतं. इटालियन जिगा (जीगचंच इटालियन नाव) बहुतेकदा बारा-आठ किंवा सिक्स-एटमध्ये, सलग सारख्या क्वेव्हरची, वरचा आवाज धावतोय आणि खाली बास (सगळ्यात खालचा आवाज) त्याला आधार देतोय, वाक्यं बहुतेक सरळ चार-चार बारची, नक्कल वगैरे फारशी नाही. व्हायोलिनवादक संगीतकार कोरेल्लीच्या ओपस ५ च्या सोनाटा, १७०० सालच्या, ऐका म्हणजे लगेच कळेल. जर्मन संगीत-लेखक माटेसॉनने १७३९ मध्ये जीगचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यात इंग्लिश जीगचा स्वभाव त्याने पटकन पेटणारा आणि पटकन विझणारा राग असा सांगितलाय, लूर गर्विष्ठ, कॅनरी अधीर पण साधी, आणि इटालियन जिगा ही नाचण्यासाठी नाहीच, ती व्हायोलिनवर वेगाने वाजवण्यासाठी आहे असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे बाखच्या हयातीतच एक जाणकार माणूस सांगतोय की जीग या नावाची प्रत्येक गोष्ट नाचाची नाही. तुमच्या सरांचं ‘नाचासारखं वाजव’ चुकीचं नाही, पण ते अर्धं आहे.

आता सूटमधली जागा. आलमांद, कुरांत, साराबांद, जीग हा क्रम आपण गृहीत धरतो, चार नाच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्लिश मुळांचे. पण जीग आधीपासून शेवटी नव्हती. सतराव्या शतकातला जर्मन संगीतकार फ्रोबर्गर, ज्याचं नाव या क्रमाशी जोडलं जातं, त्याच्या स्वतःच्या हातच्या १६५६ च्या वहीत जीग आलमांदनंतर लगेच दुसरी येते. त्याच्या मृत्यूनंतर, १६९० च्या दशकाच्या शेवटी आम्स्टरडॅममध्ये त्याचे सूट छापले गेले तेव्हा छापणाऱ्याने ‘अधिक चांगला क्रम लावला’ असं अभिमानाने पहिल्या पानावर लिहून जीग शेवटी टाकली. आणि खरं सांगायचं तर तो छापणारा बरोबर होता, कारण साराबांदच्या त्या जड, थांबत चालणाऱ्या लयीनंतर काहीतरी सुटायला हवंच असतं. तुमच्या सूटमध्ये तर साराबांदनंतर गावोत, बुरे आणि लूर येऊन मग जीग येते, आणि लूर म्हणजे संथ जीगच, त्याच कुळातली. बाखने एकाच कुळातली संथ बहीण आणि वेगवान बहीण मुद्दाम शेजारी ठेवलीये, म्हणून जीग सुरू करायच्या आधी लूरचे पहिले चार बार वाजवून मगच जीग घ्या, तिचा स्वभाव आपोआप समोर येतो.

बाखने काय केलं? त्याने फ्रेंचांची नक्कल करणारी रचना आणि इटालियनांचे सलग धावणारे सूर दोन्ही घेतले आणि त्यातून जवळजवळ फ्यूग (एकच विषय एकामागून एक आवाजात येणारी रचना) बनवला. पहिल्या भागात विषय एकेका आवाजात येतो, आणि दुसऱ्या भागात तोच विषय उलटा होऊन येतो, जिथे वर चढत होता तिथे खाली उतरतो. तुमच्या जीगमध्ये हे आहे. इंग्लिश सूट नंबर ६ च्या जीगमध्ये तर दुसरा भाग पहिल्याचा आरसाच आहे म्हणा. पण बाखची प्रत्येक जीग अशी नाही. फ्रेंच सूट नंबर २ ची तीन-आठमध्ये डॉटेड, अगदी फ्रेंच. नंबर १ ची दोनाच्या मात्रेत आणि फ्रेंच ओव्हर्चरसारखी कडक. पार्टिटा (सूटसारखीच मालिका) नंबर १ ची हात एकमेकांवरून उड्या मारणारी, तिथे फ्यूगचं नाव नाही. व्हायोलिनच्या डी मायनर पार्टिटामधली बारा-आठमधली जिगा जवळपास कोरेल्लीच्या वाटेने जाते, आणि चेलोच्या सहाही सूटचा शेवट जीगनेच होतो तरी पाचव्यातली सी मायनरची जीग डॉटेड फ्रेंच आहे आणि चौथ्यातली सलग धावणारी. एकाच माणसाने इतक्या प्रकारे लिहिलंय, मग एकच मेट्रोनोमचा आकडा सगळ्यांना कसा चालेल?

मग तुमची कोणती? पानावर तीन गोष्टी बघा: वर कोणतं टाइम सिग्नेचर (बारमध्ये किती आणि कोणते सूर ते सांगणारे दोन आकडे) आहे, सूर सारखे आहेत का डॉटेड, आणि आवाज एकामागून एक येतात का एकदम सुरू होतात. तुमची बारा बाय सोळामध्ये आहे, सूर बहुतेक सारखे सेमीक्वेव्हर (क्वेव्हरच्या अर्धे), आणि आवाज एकामागून एक. म्हणजे लय इटालियन, रचना फ्रेंच-जर्मन. आणि बारा बाय सोळा लिहिलंय, बारा बाय आठ नाही, हे महत्त्वाचं आहे. बाखचाच विद्यार्थी किर्नबर्गर सांगतो की खालचा आकडा जितका मोठा, म्हणजे सूर जितके छोटे लिहिलेत, तितकं वादन हलकं आणि चपळ. सिक्स-एट आणि सिक्स-सिक्स्टीनमधला फरक तो बाखच्या फ्यूगचं उदाहरण देऊन दाखवतो. म्हणजे जिथे आपण बारा बाय सोळाला फक्त गणित समजतो, तिथे त्यांना तो स्पर्शाचा इशारा होता, की हात जड पडू देऊ नका.

आता नाचाचा भाग, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथेच अडलाय. फ्रेंच बरोक डान्समध्ये पायरीची पहिली हालचाल गुडघे वाकवण्याची असते आणि ती समेच्या आधी होते, समेवर शरीर वर उठतं. हे नीट वाचा परत, सम आली की शरीर वर जातं. आपण सवयीने पहिल्या मात्रेला हात खाली आपटतो, इथे उलट आहे, वजन आधीच्या सुरात जमा होतं आणि पहिल्या मात्रेवर ते सुटतं. मला हे कितीतरी वर्षं वाचून माहीत होतं, पण स्वतः घाबरत घाबरत त्या स्टेप्स केल्यावरच बोटांपर्यंत उतरलं. तुम्हाला डान्सच्या क्लासला जायची गरज नाही, खोलीत उभं राहा, एक-दोन-तीन म्हणताना तीनवर गुडघे वाकवा आणि एकवर टाचा उचला, दहा-बारा वेळा करा आणि लगेच पियानोवर बसा. बऱ्याच जीग एका छोट्या सुराच्या उठावाने का सुरू होतात तेही मग समजतं.

आपल्याकडच्या मुलांना मी दादऱ्यावरून समजावते. धा धी ना, धा ती ना, सहा मात्रा, तीन-तीन, हे अंगात असतंच, त्यामुळे तीन-तीनचा गट धरायला आपल्याला फार त्रास होत नाही, ज्यांना तालाची सवय नाही त्यांना जास्त होतो. पण दादऱ्यात पहिला धा बसतो, तबल्यावर तो बसायलाच हवा. जीगमध्ये त्या जागेला जरा उचलायचं, आणि जोर द्यायचाच असेल तर तिसऱ्यावरून पुढच्या पहिल्यात जाताना. मात्रा मोजायला दादरा वापरा, वजन द्यायला नको.

हाताने काय करायचं ते सांगते. तीन सेमीक्वेव्हरच्या गटात तिन्ही सूर सारखे वाजवू नका: पहिला किंचित लांब धरा, दुसरा त्याच्याच श्वासात, तिसरा छोटा आणि हलका, जणू तो पुढच्या गटाचा आहे. एकदम स्टाकाटो करू नका, त्याने चिडचिड होते. पेडल नाही. आधी नुसता बास घ्या आणि उजव्या हाताने बीटवर टाळी द्या, बासवाला नीट चालला की वरचे आवाज आपोआप सरळ होतात. मग प्रत्येक आवाज वेगळा गाऊन बघा, गळा कसा आहे याची काळजी करू नका, जिथे गाताना श्वास घ्यावासा वाटतो तिथे वाजवताना पण किंचित जागा सोडा. दुसरा भाग उलटा विषय घेऊन येतो तिथे मुलं घाबरून अजून फास्ट होतात, तिथे आवाज कमी करा आणि आधीचाच स्पीड सांभाळा. आणि तिन्ही आवाज एकाच वेळी चालू असतात तेव्हा मधला ऐकू येतोय का ते फोनवर रेकॉर्ड करून तपासा, वाजवताना आपल्याला तो ऐकू येतो असं वाटतं पण बाहेर येत नाही.

इथपर्यंतचं एका ओळीत: टाइम सिग्नेचर बघून जीगचा प्रकार ठरवा, तिसऱ्यातून पहिल्यात उचला, बास आधी बसवा. आता स्पीड.

बाखने आकडा दिलेला नाही, मेट्रोनोमच १८१५ च्या सुमाराला आला. पुस्तकात वर जो आकडा छापलेला असतो तो संपादकाचा असतो, आणि परीक्षेच्या पुस्तकातला पण सुचवलेलाच असतो. त्या काळातलं सगळ्यात ठोस मोजमाप क्वान्ट्सचं आहे, १७५२ सालचं. तो नाडीवर मोजतो, निरोगी उत्साही माणसाची नाडी मिनिटाला साधारण ऐंशी, आणि सिक्स-एटमधल्या जीगला एका बारला एक नाडी. म्हणजे मिनिटाला ऐंशी बार, बारला दोन बीट धरले तर बीट एकशे साठ. हे भलतंच फास्ट आहे. सोबत तो सांगतो की व्हायोलिनचा बो छोटा आणि हलका हवा. पण तो बर्लिनच्या दरबारातला बासरीवाला, लिहितोय बासरी शिकणाऱ्यांसाठी, आणि खरंखुरं नाचाचं संगीत त्याच्या डोळ्यासमोर आहे, तीन आवाजांचा फ्यूग नाही. म्हणून त्याचा आकडा आदेश म्हणून घेऊ नका, त्यातला ‘हलका’ हा शब्द मात्र घ्या.

माझ्याकडे या जीगला विद्यार्थी सत्तरीत सुरू करतात (एका ठोक्याला एक डॉटेड क्वेव्हर, म्हणजे तीन सेमीक्वेव्हर धरून), शंभरला सगळे आवाज स्वच्छ होतात, आणि एकशे वीस ते एकशे पस्तीसच्या मधे कुठेतरी ती बरी उडायला लागते. त्याच्यावर जायचं का हे तुमच्या पियानोवर, खोलीवर आणि हातावर अवलंबून आहे. डिजिटल पियानोच्या कीज फार हलक्या असतील तर स्पीड सहज येतो पण नियंत्रण जातं, जुन्या जड अपराइटवर एकशे वीस पण पुरे होतं, मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो तिथे कमी करावंच लागतं. मधला आवाज ऐकू येईनासा झाला की तुमची हद्द ओलांडली गेली असं समजा, ती खूण आकड्यापेक्षा भरवशाची आहे. रेकॉर्डिंगमधले हार्पसिकॉर्डवाले आणि पियानोवाले यांची तुलना करू नका, हार्पसिकॉर्डवर आवाज लगेच मरतो त्यामुळे फास्ट वाजवलं तरी स्पष्ट राहतं.

मोझार्टने १७८९ मध्ये लाइपझिगला, जिथे बाखने आयुष्याची शेवटची वर्षं काढली त्याच गावात, तिथल्या दरबारी ऑर्गनिस्टच्या वहीत एक छोटी जीग लिहून दिली, के. ५७४ (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). सिक्स-एट, फ्यूगसारखी, आणि सूर इतके तिरके की पहिल्यांदा ऐकताना चूक वाजवली असं वाटतं. तोपर्यंत ती नाचायची गोष्ट उरलीच नव्हती. तुमची जीग बसली की ही नक्की काढा, बाखकडून तो काय शिकला होता ते तिथे दिसतं.

राहिले रिपीट. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षेसाठी वाजवत असाल तर सिलॅबसमध्ये लिहिलं नसेल तर घेऊ नका, वेळ जातो आणि चुकायची संधी वाढते. घरी आणि कार्यक्रमात मात्र दोन्ही भागांचे घ्या. दुसऱ्या वेळी एखादं छोटं ट्रिल किंवा मॉर्डंट (सुराची झटपट सजावट) घाला, पण विषयाच्या पहिल्या सुरावर नको, नाहीतर तो ओळखू येत नाही. आणि दुसऱ्या वेळी फास्ट करू नका, बास पहिल्या वेळेपेक्षा थोडा जास्त ऐकू येऊ द्या.